रानभाज्यांचे फोटो आणि घरची वही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रानभाजी जिथे उगवते तिथे तिचा फोटो काढायचा आणि आपल्या घरात ती कशी निवडतात, कशी शिजवतात ते त्याच्याच खाली लिहून ठेवायचं, एवढाच हा छंद. खर्च जवळजवळ शून्य, चिखल भरपूर. मे संपत आला की दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

फोटोंचा छंद वेगळा, स्वयंपाकाचा वेगळा. दोन्ही एकत्र कशाला?

कारण रानभाजीची पाककृती अशी फारशी नसतेच. कांदा, लसूण, हिरवी मिरची, वरून ओलं खोबरं; बहुतेक भाज्यांचं गाडं याच वाटेनं जातं. खरी गोम असते निवडण्यात. फोडशीच्या पातींचा खालचा पांढरा राठ भाग काढायचा, भारंगीची पानं उकडून कडू पाणी ओतून द्यायचं, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वासते चिरून पाण्यात भिजत घालायचे आणि ते पाणी बदलत राहायचं, कारण कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. हे सगळं झाड समोर नसताना नीट लिहिता येत नाही आणि नुसत्या फोटोवरूनही कळत नाही. छापील पुस्तकांत बहुधा ‘भाजी स्वच्छ निवडून घ्यावी’ एवढ्या एका वाक्यात हा भाग उरकलेला असतो. आपल्या वहीत तोच सविस्तर हवा.

कॅमेरा कोणता घ्यावा?

हातातला फोन पुरतो. पान मोठं दिसावं म्हणून लोक फोन अगदी पानाला टेकवतात आणि फोटो पुसट आला की फोनला नावं ठेवतात. प्रत्येक लेन्सला ठरावीक अंतराच्या अलीकडचं स्पष्ट दिसत नाही. वीतभर मागे या, दुप्पट झूम करा, पानावर बोट टेकवून फोकस धरा. गाडीच्या एसीतून दमट हवेत उतरलात तर लेन्सवर वाफ धरते. ती पुसत बसण्यापेक्षा पाच मिनिटं थांबा.

ढगाळ हवा या कामाला उत्तम. कडक उन्हात हिरवी पानं चमकतात आणि त्यांच्या शिरा दिसत नाहीत. ऊन असेल तर फिकट रंगाची छत्री पानावर धरा, वाराही अडतो. काळी छत्री धरली तर पानाचा रंगच उदास होतो.

कुठली भाजी कधी शोधायची?

दर मैलावर पाऊस बदलतो, त्यामुळे तारखा विचारू नका, क्रम सांगतो. कोकण आणि ठाणे-पालघरच्या पट्ट्यात वळवाच्या सरींनंतर सगळ्यांत आधी शेवळं. पाठोपाठ टाकळा, फोडशी, कुर्डू, भारंगीची पानं. पाऊस चांगला मुरला की दिंड्याचे कोंब, वासते, करटोली, आणि वारुळांवर उगवणाऱ्या अळंब्या. गणपतीच्या सुमारास कुर्डू तुऱ्यावर येतो. पांढरे-गुलाबी तुरे फोटोला सुंदर, पण भाजीचे दिवस तोवर संपलेले असतात. टाकळ्याचंही तसंच, पिवळी फुलं दिसली की पानं खाण्यालायक राहत नाहीत.

देशावर आणि विदर्भात यादी बदलते आणि नावंही बदलतात. टाकळ्याला तिकडे तरोटा म्हणतात, करटोलीला काटवल. वहीत घरचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, इतर नावं खाली आणि शक्य असेल तर शास्त्रीय नाव. नाहीतर अकोल्याची मावसबहीण आणि तुम्ही एकाच भाजीवर तासभर वाद घालत बसाल.

ऑगस्टमध्ये कृषी विभागातर्फे जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरतात. तिथे मांडलेल्या भाजीपेक्षा ती घेऊन आलेल्या बाईशी बोलणं जास्त मोलाचं. कल्याण, वसई, पनवेलसारख्या स्टेशनांबाहेर सकाळी वाटे मांडून बसणाऱ्या कातकरी, ठाकर, वारली मावश्यांकडूनही तेच ज्ञान मिळतं, फक्त गिऱ्हाइकांची गर्दी ओसरल्यावर विचारा. आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करून मग ‘मावशी, जरा पाककृती सांगा ना’ म्हणू नका.

एका भाजीचे किती फोटो काढायचे?

एक देखणा आणि सात उपयोगाचे. उपयोगाचे म्हणजे: पूर्ण झाड, पान वरून, तेच पान खालून, देठ खोडाला जिथे जुळतो ती जागा, फूल समोरून आणि बाजूनं, आणि झाड उगवलंय ती जमीन. पानाची खालची बाजू हमखास राहून जाते आणि नेमकी तीच ओळख पटवणारी असते. एखाद्या फोटोत शेजारी नाणं किंवा काडेपेटी ठेवा, आकाराचा अंदाज येतो.

फळ किंवा शेंग त्या दिवशी नसेल तर महिन्यानं पुन्हा त्याच जागी जा. शेवळ्याच्या बाबतीत तर ते अटळ आहे: आधी जमिनीतून नुसता कोंब येतो, पान नंतर. ते सुरणाच्या पानासारखं पसरतं, आणि शेवळाचं म्हणून दाखवलं तर अर्ध्या लोकांचा विश्वास बसत नाही.

फोनमधल्या ॲपनं नाव सांगितलं. खाऊ का?

नाही.

ॲप नाव सुचवतं, हमी देत नाही. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकला की माणसंही तपासतात, शिकायला ते फार चांगलं आहे. पण ताटात काय वाढायचं ते तिथल्या मतांवर ठरवू नये. टाकळा आणि कासविंदा हे नेहमीचं उदाहरण घ्या. दोन्हींना पिवळी फुलं, दोन्ही रस्त्याकडेला, दोन्हींची पानं जोडीजोडीनं. टाकळ्याच्या पर्णिकांच्या, म्हणजे एका देठावरच्या छोट्या पानांच्या, जोड्या बहुधा तीन आणि टोकं गोलसर. कासविंद्याच्या जोड्या जास्त आणि टोकं अणकुचीदार. कासविंद्याच्या बिया विषारी असतात, मुलांनी त्या खाऊन गंभीर विषबाधा झालेली आहे.

कळलावीचे फोटो जरूर काढा. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फूल, आणि पानाचं टोकच वळून ताणा झालेलं, ते जवळून टिपण्यासारखं असतं. पण तिचा कंद खाण्याचा समजून कुणी उकरू नये. सगळ्या झाडात कोल्चिसिन नावाचं जहाल द्रव्य असतं. भुईछत्र्यांच्या, म्हणजे अळंब्यांच्या, बाबतीतही असंच सावध राहा. चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, किडे लागले असतील तर खाण्यालायक, असले ठोकताळे ऐकिवात येतात, सगळे खोटे. ज्यांच्या घरात ती अळंबी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते त्यांनी ती हातात घेऊन ओळखली तरच खावी.

संध्याकाळी काढलेल्या फोटोंत टाकळा कोमेजलेला का दिसतो?

कोमेजलेला नसतो, झोपलेला असतो. दिवस मावळला की त्याच्या पर्णिका जोडीनं मिटतात आणि सकाळी उघडतात. एकदा मुद्दाम संध्याकाळी बसून अर्ध्या-अर्ध्या तासानं फोटो काढा, घरातल्या मुलांना हा खेळ आवडतो. भाजीसाठी मात्र सकाळीच खुडावा.

परसातल्या करटोलीला फुलं भरपूर येतात, फळ एकही नाही. असं का?

बहुधा तुमचा वेल नर आहे. करटोलीत नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. फुलाचा फोटो बाजूनं काढा आणि मोठा करून पाहा: मादी फुलाच्या मागे बोराएवढं सुद्धा नसलेलं काटेरी करटोलं आधीपासूनच असतं, नर फुलाच्या मागे नुसता देठ. फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळे भर दुपारी गेलात तर मिटलेलीच मिळतील. एकाच वेलावर विसंबू नका, कंदापासून दोन्ही लावा.

शेवळाची भाजी घशाला खाजते म्हणून आमच्याकडे बंद झाली. ती पुन्हा करता येईल का?

येईल, पण घाईच्या दिवशी नाही.

शेवळं म्हणजे एका कंदवर्गीय झाडाचा फुलोरा, सुरणाचाच नातलग. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. बाजारात न उमललेले कोंब मिळतात. उमललेलं घेऊ नका; त्याच्या वासाला माश्या भुलतात, माणूस नाही.

निवडताना हाताला तेल लावा. बाहेरचं आवरण उलगडा. आत दांड्याच्या खालच्या अंगाला दाणेदार भाग दिसतो, ती खरी फुलं. तेवढा भाग कापून टाकायचा, कारण खाज मुख्यतः तिथली. उरलेला दांडा आणि कोवळं आवरण बारीक चिरायचं. वहीसाठी सर्वांत महत्त्वाचा फोटो इथलाच: पाटावर एक शेवळं उभं चिरून ठेवायचं, टाकायचा भाग डावीकडे, घ्यायचा उजवीकडे, आणि आईचा किंवा काकूचा हात चौकटीत असू द्यायचा. पाककृतीच्या चार ओळींतून जे सांगता येत नाही ते या एका फोटोत येतं.

पुढे चिरलेलं शेवळं तेलावर चांगलं परतायचं आणि काकडाच्या आंबट फळांचा रस घालून शिजवायचं. काकडं म्हणजे काकडी नव्हे. काकड नावाच्या झाडाची छोटी हिरवी फळं. शेवळं विकणाऱ्या मावशीकडेच त्यांचा वाटा असतो. ठेचून, पाण्यात कोळून, गाळून घ्यायची. नाहीच मिळाली तर चिंचेचा कोळ सढळ हातानं. भाजी कच्चट राहिली की खाजलीच समजा. सोडे (सुकवलेली सोललेली कोलंबी), ओली कोलंबी किंवा खिमा घालून करायची पद्धत सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत आहे. श्रावणाच्या आत शेवळं येतात ही निसर्गाची कृपा. वाल किंवा चणाडाळ घालूनही छान होते, पण माझं मत विचाराल तर सोड्यांना तोड नाही.

आजी प्रमाण सांगतच नाही. ‘अंदाजानं घाल’ म्हणते. काय करायचं?

विचारणं थांबवा, वजनकाटा आणा. सुरुवातीला मिठाचा डबा, तिखटाचा डबा, तेलाची बुधली यांची वजनं करून ठेवा. भाजी झाली की पुन्हा करा. फरक म्हणजे प्रमाण. आजीचा हात मध्ये अडवावा लागत नाही आणि ती तिच्या लयीत काम करते. मध्येच ‘थांब, मोजू दे’ म्हटलं की तिचा अंदाज बिघडतो, आणि तुम्ही लिहून घेता ते भलतंच.

फोन कट्ट्यावर उभा करून आवाज टेपा, तिला सांगून. प्रश्न ‘किती’ असा नको. ‘आता कशाची वाट बघतेयस?’ असा विचारा. मग उत्तरं येतात: कांद्याच्या कडा तांबूस होऊ देत, फोडशीला सुटलेलं पाणी आटू दे, चणाडाळ बोटानं चेपली पाहिजे पण मोडता कामा नये. वहीत हीच वाक्यं तिच्या शब्दांत उतरवा, प्रमाणभाषेत सुधारू नका. एका घरची वही मी पाहिली आहे, तिच्यात टाकळ्याच्या पानावर ‘आठळ्या घाल, पण मोजून घाल, पोरं नुसत्या आठळ्याच वेचतात’ असं लिहिलेलं आहे. फणसाच्या आठळ्यांचं प्रमाण ग्रॅममध्येही आहे तिथे, पण मुलगी वाचून दाखवताना ते वगळते.

जुन्या वहीत चिपटं, मापटं, अधोली असं लिहिलंय. आजच्या मापात कसं बदलू?

आपसांतलं नातं पक्कं आहे: दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली. पण ही भरून मोजायची मापं आहेत, वजनाची नाहीत, आणि शेर गावागणिक वेगळा होता. म्हणून नुसत्या आकडेमोडीवर जाऊ नका. घरात जुनं पितळी माप असेल तर त्यात तांदूळ भरून वजन करा आणि वहीत तसं लिहा. देशात दशमान वजनं १९५८पासून टप्प्याटप्प्यानं आली, तेव्हा त्यानंतरच्या वहीत दोन्ही पद्धतींची सरमिसळ सापडू शकते. बाजारात आज जे पावशेर म्हणतात ते सरळ २५० ग्रॅम.

आजी आता नाही. नुसती चव आठवते. मग?

खाणारे शिल्लक असतात, त्यांना जमवा. प्रत्येकाला वेगळं विचारा, एकत्र बसवलंत तर सगळ्यांत मोठा आवाज असलेल्या काकांची आठवण सगळ्यांची होऊन बसते. चवीबद्दल विचारू नका, भांड्याबद्दल विचारा: लोखंडी कढई होती की पितळी पातेलं, चूल होती की स्टोव्ह, खोबरं ओलं की सुकं, भाजीसोबत भाकरी तांदळाची की नाचणीची. भांडं आठवलं की माणसाला पुढचं सुचत जातं. आजीच्या माहेरच्या गावचं कुणी भेटलं तर उत्तम, कारण बऱ्याचदा पाककृती सासरची नसतेच.

दोन जणांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा.

शिजवलेली पालेभाजी फोटोत काळपट दिसते. उपाय?

आंबट घातलं की पानांतल्या हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग शेवाळी होतो; लोखंडी कढईनं आणखी गडद होतो. तो भाजीचा खरा रंग आहे, फिल्टर लावून पोपटी करू नका. फक्त ट्यूबलाइट बंद करून ताट खिडकीशी न्या. खिडकीचा आणि दिव्याचा उजेड मिसळला की कॅमेऱ्याला रंग ठरवता येत नाही. वरून खोबरं पेरण्याआधी एक, पेरल्यावर एक असे दोन फोटो पुरेत. भाजी निवत असताना कोनामागून कोन शोधणाऱ्या माणसाला घरात कुणी पुन्हा रानभाजी करून घालत नाही.

जंगलातून भाजी तोडली तर चालते का?

फोटो काढा, तोडू नका, हा शहरी माणसासाठी सोपा नियम. राष्ट्रीय उद्यानात तर १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार झाडपाला काढून नेणं गुन्हाच आहे. बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानातली शेवळं कितीही खुणावली तरी. कास पठार २०१२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक. तिथे फोटोच्या नादात फुलांवर आडवे पडणारे लोक पाहिले की वाटतं, दुर्बीण द्यावी आणि कॅमेरा काढून घ्यावा.

खायची भाजी बाजारातून घ्या. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना पैसे मिळतात, आणि ती त्यांनी ओळखून खुडलेली असते. स्वतःच्या शेताच्या बांधावरची खुडायची असेल तर शेंडे खुडा, मुळासकट उपटू नका. रेल्वे रुळांलगतची आणि नाल्याकाठची कितीही तरारलेली दिसली तरी घेऊ नका.

फोटो टाकताना जागा सांगावी का?

तालुका सांगा, टेकडी नको. कंदाच्या आणि अळंबीच्या जागा उघड झाल्या की पुढच्या वर्षी तिथे खड्डे दिसतात. फोनच्या फोटोत ठिकाण आपोआप नोंदलं जातं. वहीसाठी ते राहू द्या, इतरांना पाठवताना काढा. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवला तर ही नोंद निघून जाते, आणि फोटोही दाबला जातो. म्हणून घरच्या संग्रहासाठी फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवून घ्या.

ऋषीपंचमीची भाजी या वहीत बसते का?

बसते की. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हा त्या दिवसाचा दंडक, त्यामुळे परसातलं आणि आपोआप उगवलेलं एकत्र येतं: अळू, सुरण, माठ, भोपळा, पडवळ, मक्याचं कणीस. कुणाकडे तेल चालत नाही, कुणाकडे मिरचीसुद्धा घरच्याच झाडाची लागते. घराघरांतले हे फरकच टिपण्यासारखे आहेत. त्या सकाळी अळूच्या पानावरचे पाण्याचे मोती फोटोत धरायचे असतील तर पान चिरायला घेण्याआधी मागून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे काय करणार?

टाकळा, शेवळं विसरा. घोळ आणि चाकवत शोधा. दोन्ही तिथे तण म्हणून उगवतात, भाजीच्या वाफ्यात, पायवाटेच्या भेगांत. चाकवताच्या कोवळ्या शेंड्यावर पिठूळ पांढरी भुकटी दिसते, ती जवळून फोटोत छान येते. घोळ मांसल आणि जमिनीलगत पसरणारी. तिच्यासारख्याच पसरणाऱ्या एका विषारी तणाचा देठ मोडला की पांढरा चीक येतो. घोळीच्या देठातून साधं पाणी. चीक दिसला तर फोटोपुरतंच ठेवा.

लॉनमधली खुडू नका, तणनाशक मारलेलं असतं. स्वतःच्या वाफ्यात एक कोपरा न खुरपता सोडा आणि जूनमध्ये काय येतं ते बघा. मग घरी व्हिडिओ कॉल लावून पान पुढून-मागून दाखवा. ताकातला चाकवत करताना बेसन किती लावायचं ते आई तिथूनच ओरडून सांगेल. भारतातून बिया मात्र सामानात लपवून नेऊ नका, विमानतळावर जाहीर कराव्या लागतात आणि बहुधा तिथेच ठेवून घेतात.